हृदयाला होल असलेल्या बाळाची क्रोमोसोम टेस्ट: कुठली, कधी, कशी (ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी)

माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे, आम्ही कळव्याला राहतो, आणि तिच्या फाईलमध्ये दोन जेनेटिक रिपोर्ट आहेत. पहिल्यावर लिहिलंय ४६, एक्सएक्स, नॉर्मल, म्हणजे क्रोमोसोम (पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्या) मोजले तर बरोबर ४६. दुसऱ्यावर लिहिलंय की २२ नंबरच्या क्रोमोसोमचा एक तुकडा नाहीये. मुलगी तीच, रक्त तिचंच, मधे फक्त सात महिने. आणि दोन्ही रिपोर्ट बरोबर आहेत बरं का. पहिल्या टेस्टला तो तुकडा दिसणं शक्यच नव्हतं, पण हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, नॉर्मल वाचलं आणि पेढे आणले.

मी डॉक्टर नाही, पतपेढीत काम करते. पण या सहा वर्षांत कार्डिओलॉजिस्ट, जेनेटिक्सवाले, लॅबवाले सगळ्यांच्या मागे लागून जे समजून घेतलं ते इथे लिहितेय, कारण रोज कोणी ना कोणी विचारतं की आमच्या बाळाचं हार्टचं ऑपरेशन आहे, डॉक्टरांनी जेनेटिक टेस्ट सांगितलीय, करू का नको. टेस्ट ठरवायची डॉक्टरांनीच, पण काय विचारायचं ते आपल्याला माहीत असलं पाहिजे.

पायरी १: एकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट घ्या आणि आजाराचं पूर्ण नाव वाचा

"हार्टला होल आहे" एवढ्यावर काही ठरत नाही. जन्मजात हृदयविकार साधारण शंभरात एका बाळाला असतो आणि त्यातल्या बहुतेकांच्या क्रोमोसोममध्ये काहीच सापडत नाही, ढोबळ मानाने दहात एकाच्या आसपास क्रोमोसोमच्या संख्येत घोळ निघतो आणि आणखी काहींमध्ये बारीक तुकडा कमी किंवा जास्त असतो. पण हृदयाचा दोष कुठला आहे त्यावरून संशय कुठे घ्यायचा ते कळतं.

टू डी एकोवर एव्ही कॅनाल किंवा एव्हीएसडी लिहिलं असेल, म्हणजे हृदयाच्या बरोबर मधोमध वरच्या-खालच्या कप्प्यांना मिळून मोठं भोक, तर डॉक्टर पहिल्यांदा डाऊन सिंड्रोमचा विचार करतात. डाऊन असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांना हृदयाचा काही ना काही दोष असतो. टेट्रालॉजी ऑफ फॅलो, ट्रंकस, इंटरप्टेड आर्च, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नळ्यांचा घोळ, असेल तर २२क्यू डिलीशन, म्हणजे २२ नंबरच्या क्रोमोसोमचा तोच तुकडा नसणं, ज्याला काही जण डायजॉर्ज म्हणतात. टेट्रालॉजीच्या शंभर मुलांत साधारण १० ते १५ जणांना हे निघतं, बी टाईप इंटरप्टेड आर्चमध्ये तर जवळपास निम्म्यांना. मुलगी आहे आणि महाधमनी अरुंद आहे, कोआर्क्टेशन, तर टर्नर सिंड्रोम (दोनऐवजी एकच एक्स क्रोमोसोम). महाधमनीच्या झडपेच्या वरच्या भागात अरुंदपणा असेल, सुप्राव्हॉल्व्ह्युलर लिहितात, तर विल्यम्स सिंड्रोम (७ नंबरच्या क्रोमोसोमचा छोटा तुकडा नसणं), आणि हे ऑपरेशनच्या आधी कळणं फार गरजेचं कारण या मुलांना भूल देताना धोका जास्त असतो.

उलट साधा एएसडी (वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक), छोटा मस्क्युलर व्हीएसडी (खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला), किंवा कमी दिवसांच्या बाळाचा पीडीए (जन्मानंतर बंद व्हायची नळी उघडी राहणं), आणि बाळ बाकी ठणठणीत, तर बहुतेक वेळा क्रोमोसोम टेस्टची घाई कोणी करत नाही. दोन मुख्य नळ्यांची अदलाबदल झालेली असते ती टीजीए, तीही एकटी असेल तर क्रोमोसोममुळे क्वचितच होते. त्यामुळे लॅबवाल्याने पॅकेज दिलं म्हणून सरसकट टेस्ट करू नका, आणि मोठा आजार असताना टाळूही नका.

पायरी २: बाळाला नखशिखांत बघू द्या, आणि घरातलं सगळं सांगा

आपल्याकडे एक प्रॉब्लेम आहे. बाळाचे कान जरा खाली असले की कोणीतरी म्हणतं आजोबांवर गेलाय. डोळे बारीक असले की आत्यावर. माझ्या मुलीचं नाक आणि छोटं तोंड बघून आमच्याकडे सगळ्यांनी एकमताने ते सासरच्या खात्यावर टाकलं होतं. जेनेटिक्सचे डॉक्टर नंतर म्हणाले की आई-बाबांचे लहानपणीचे फोटो आणा, आणि फोटो बघितल्यावर ते कोणावरच गेलेलं नव्हतं. तर फोटो घेऊन जा, खरंच उपयोग होतो.

हे पण लिहून न्या: दूध पिताना नाकातून येतं का (टाळूचा प्रश्न असू शकतो, आणि टाळू फाटलेला नसला तरी आतून कमजोर असू शकतो), झटके आले का, कॅल्शियम कमी निघालं होतं का, मान धरायला उशीर, वारंवार इन्फेक्शन, हाताला जास्तीचं बोट, जन्मतः पावलं सुजलेली. सोनोग्राफीत किडनीचं काही निघालं असेल तर तेही.

मग घरची वंशावळ. किती गर्भपात झाले, तान्हेपणी गेलेलं मूल कोणाचं होतं, मतिमंद म्हणून गावाला ठेवलेला चुलता आहे का, आते-मामे भावंडांमध्ये लग्न आहे का. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही कौतुकाची गोष्ट असते त्यामुळे कोणी ते आजाराच्या संदर्भात सांगत नाही, पण डॉक्टरांना ते कळायला हवं, त्यावरून ते क्रोमोसोमच्या पलीकडे एका जीनचा आजारही शोधायचा का ते ठरवतात. हे सगळं सासूबाईंच्या समोर बोलता येणार नसेल तर डॉक्टरांना सरळ सांगा की पाच मिनिटं एकटीशी बोलायचंय.

आणि हो, ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं वगैरे ऐकून घ्यायची काही गरज नाही. माझी मावशी अजून तेच म्हणते. क्रोमोसोमचा हा घोळ बहुतेक वेळा बीज तयार होतानाच झालेला असतो, म्हणजे दिवस राहायच्याही आधी.

पायरी ३: कुठली टेस्ट? (इथेच आम्ही फसलो)

मला हे समजवायला एका टेक्निशियन ताईंनी लोकलचं उदाहरण दिलं होतं, तेच मी अजून वापरते.

कॅरिओटाइप म्हणजे ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहून खाली गाडी बघणं. किती डबे आहेत ते मोजता येतं, बाराची गाडी आहे का पंधराची, एखादा आख्खा डबा जास्त आहे का, अर्धा डबा तुटलाय का, दुसऱ्या गाडीचा डबा चुकून इकडे जोडलाय का. डाऊनमध्ये २१ नंबरचा एक क्रोमोसोम जास्त असतो तो इथे स्पष्ट दिसतो, १९५९ मध्ये फ्रान्समध्ये लेजून वगैरे मंडळींनी तो मायक्रोस्कोपखाली मोजूनच शोधला होता. पण आतली एक सीट गायब असेल तर पुलावरून काय दिसणार? कॅरिओटाइपला डीएनएच्या साधारण ५० लाख ते १ कोटी अक्षरांपेक्षा छोटा बदल दिसत नाही, आणि २२क्यूमध्ये गायब असतात नेहमी ३० लाखांच्या आसपास. आमचा पहिला रिपोर्ट हा असा होता.

फिश म्हणजे कोणालातरी सांगणं की अमुक डब्यात जा, अमुक सीट आहे का बघून ये. चटकन होते, काही दिवसांत उत्तर, पण जी सीट बघायला सांगितली तेवढीच. २२क्यूचं फिश केलं तर विल्यम्सबद्दल त्यातून काहीच कळत नाही. एमएलपीए पण जवळपास तसंच, एकाच वेळी पन्नासेक ठिकाणी डोकावून बघतात.

मायक्रोअरे म्हणजे टीसीने पूर्ण गाडीतल्या सगळ्या सीटा मोजल्या. छोटे-मोठे सगळे जास्त-कमी तुकडे निघतात, म्हणून हृदयाबरोबर आणखी काही दोष असतील, वाढ-विकास मागे असेल, आणि चेहऱ्यावरून एकच नाव सुचत नसेल तर हल्ली पहिली हीच सांगतात. पण टीसी फक्त मोजतो, डब्यांची अदलाबदल झालीय आणि एकूण सीटा तेवढ्याच आहेत तर त्याला कळणार नाही. बॅलन्स्ड ट्रान्सलोकेशन म्हणतात ते हे, त्यासाठी परत पुलावरच जायला लागतं.

आणि चौथा प्रकार, सीट जागेवर आहे पण तिच्यावरचं एक अक्षर चुकलंय. नूनन सिंड्रोम (फुप्फुसाच्या झडपेचा अरुंदपणा, बुटकेपणा, मानेला जास्तीची कातडी) असं असतं. ते वरच्या तिन्ही टेस्टमध्ये सहसा नॉर्मल येणार, त्याला जीन पॅनल किंवा एक्झोम सिक्वेन्सिंग लागतं.

मग ठरवायचं कसं? चेहऱ्यावरून डाऊन स्पष्ट वाटतोय तर कॅरिओटाइप, आणि "दिसतोच आहे डाऊन, टेस्ट कशाला" असं कोणी म्हणालं तरी करा, कारण शंभरात ३-४ जणांमध्ये तो ट्रान्सलोकेशनमुळे असतो आणि तसं निघालं तर पुढच्या बाळाचा प्रश्न येतो. ऑपरेशन तोंडावर आहे आणि १३, १८, २१ यातला एखादा क्रोमोसोम जास्त आहे का ते दोन-तीन दिवसांत हवंय तर क्यूएफ-पीसीआर किंवा रॅपिड फिश, आणि कॅरिओटाइप मागून येऊ दे. टेट्रालॉजी-ट्रंकस असेल तर २२क्यूचं फिश किंवा एमएलपीए, किंवा परवडत असेल तर थेट मायक्रोअरे. कॅरिओटाइप काही हजारांत होतो, मायक्रोअरे त्याच्या कैक पट, त्यामुळे डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं: तुम्हाला संशय नक्की कशाचा आहे, आणि ही टेस्ट नॉर्मल आली तर तो संशय पूर्ण जातो का? हा दुसरा प्रश्न मी विचारला असता तर सात महिने वाचले असते.

पायरी ४: सॅम्पल

रक्त चढवायच्या आधी सॅम्पल घ्यायचं. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये बाळाला बहुतेक वेळा दुसऱ्याचं रक्त लागतं, त्यात दात्याच्या पांढऱ्या पेशी असू शकतात आणि मग रिपोर्टमध्ये गोंधळ होऊ शकतो. आधीच चढवलं असेल तर तारीख फॉर्मवर लिहा, किती थांबायचं ते लॅब सांगते, किंवा गालाच्या आतून स्वॅब घेतात. ऑपरेशन इमर्जन्सी असेल आणि कुठली टेस्ट ते ठरलं नसेल तर निदान दोन मिली रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये आधी काढून ठेवायला सांगा, डीएनए काढून ठेवता येतो, टेस्ट नंतर ठरवता येते.

ट्यूबचं बघा. कॅरिओटाइपला हिरव्या झाकणाची, सोडियम हेपरिनची, कारण त्यात पेशी जिवंत लागतात, लॅबमध्ये त्या तीन दिवस वाढवतात आणि विभागणीच्या मधेच थांबवून फोटो काढतात. मायक्रोअरे, एमएलपीए, सिक्वेन्सिंगला जांभळ्या झाकणाची ईडीटीए. फिशला बहुतेक हिरवी. घरी येणारा कलेक्शनवाला मुलगा रोज शुगर-थायरॉईडची सॅम्पलं घेतो, त्याच्या बॅगेत हिरवी ट्यूब असेलच असं नाही, म्हणून आदल्या दिवशी फोन करून सांगायचं.

वार पण बघा! आमचं पहिलं-पहिलं सॅम्पल गौरी विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी घेतलं, कुठेतरी सुट्टीत पडून राहिलं, चार दिवसांनी फोन आला की कल्चर फेल (पेशी वाढल्याच नाहीत), परत या. चार महिन्यांच्या निळसर पडणाऱ्या पोरीला परत टोचायचं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत, शीर सापडत नाही, ती रडते, रडली की आणखी निळी होते. म्हणून हिरवी ट्यूब सोमवार ते गुरुवार सकाळीच द्या, फ्रीझरमध्ये टाकू देऊ नका, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मेन लॅबला पोचेल का ते विचारा, कारण बरेचदा ठाण्याच्या सेंटरला फक्त गोळा करतात आणि टेस्ट होते भलतीकडेच, कधी दुसऱ्या राज्यात.

बाळाला उपाशी ठेवायची गरज नाही. फॉर्मवर एकोचा पूर्ण निष्कर्ष लिहा, "सीएचडी" (जन्मजात हृदयविकार) एवढंच लिहू देऊ नका, रिपोर्ट वाचणाऱ्याला बाळ दिसत नसतं, त्याला कागदच दिसतो. संमतीपत्रावर सही करताना नको असलेली माहिती (मोठेपणी होणारे आजार वगैरे) सांगायची का नाही याचा रकाना असेल तर तो वाचून भरा.

पायरी ५: जायचं कुठे

खर्च झेपणार नसेल तर पहिला दरवाजा आरबीएसके, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासून आहे, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, आणि त्याच्या यादीत जन्मजात हृदयविकार आणि डाऊन दोन्ही आहेत. अंगणवाडी ताईंना किंवा सिव्हिलला विचारलं तरी रस्ता सापडतो. खारघरला श्री सत्य साई संजीवनीमध्ये मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात. परळला केईएमच्या आवारात एनआयआयएच ही रक्ताच्या आजारांवरची आयसीएमआरची संस्था आहे, जवळच प्रजनन आणि बाल आरोग्यावरची एनआयआरआरसीएच, आणि मुलांचं वाडिया हॉस्पिटल, सगळं परळ स्टेशनहून चालत. ठाण्याहून स्लो लोकल, नवी मुंबईहून हार्बरने कुर्ला आणि तिथून बदलून. कुठली टेस्ट कुठे होते आणि जेनेटिक ओपीडीचा वार कुठला ते आधी फोनवर विचारूनच निघा, बाळाला घेऊन गर्दीत फुकटची चक्कर नको. खारघरचं अॅक्ट्रेक हे कॅन्सरचं आहे, नावात रिसर्च बघून तिकडे जाऊ नका. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन होत असेल तर जेनेटिक टेस्ट त्यात धरलीय का ते आरोग्यमित्राला विचारा, गृहीत धरू नका.

पायरी ६: रिपोर्ट वाचणं

४६, एक्सएक्स किंवा एक्सवाय म्हणजे संख्या बरोबर. ४७ आणि +२१ म्हणजे डाऊन. ४५, एक्स म्हणजे टर्नर. +१८ आणि +१३ ही जड बातमी असते, ती डॉक्टरांसमोर बसूनच ऐका. मायक्रोअरेवर २२क्यू११.२१ आणि शेवटी गुणिले १ लिहिलं असेल तर तिथे दोनऐवजी एकच प्रत आहे.

एक गोष्ट उगाच घाबरवते, म्हणून सांगते: कॅरिओटाइपवर "इन्व्हर्जन ९" किंवा "९क्यूएच+" असं काही लिहून येतं. हे बहुतेक वेळा निरोगी माणसांत सापडणारे फरक असतात, आजार नव्हे. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने यावर पंधरा दिवस झोप घालवली.

मायक्रोअरेचा खरा त्रास म्हणजे व्हीयूएस, म्हणजे फरक सापडलाय पण त्याचा अर्थ आज कळत नाही. मग आई-बाबांचं रक्त मागतात, निरोगी आई किंवा बाबांमध्ये तोच फरक असेल तर काळजी कमी होते. व्हीयूएसवरून कोणताही मोठा निर्णय घेऊ नका, दोन-तीन वर्षांनी परत तपासायला सांगा, अर्थ बदलू शकतो.

पायरी ७: निघालंच काही, तर पुढे काय

काही लोक म्हणतात कळून काय फायदा, क्रोमोसोम थोडाच बदलता येतो. आमच्याकडे काय झालं ते सांगते. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी मुलीला झटके आले, सगळे मेंदूकडे बघायला लागले, आणि कारण निघालं कॅल्शियम. २२क्यूमध्ये कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी कमजोर असतात आणि ऑपरेशनसारख्या ताणात ते झपकन खाली येतं. आधी माहीत असतं तर पहिल्या तासापासून मोजलं असतं.

तसंच थायमस (छातीतली, प्रतिकारशक्तीच्या पेशी घडवणारी ग्रंथी) छोटी असल्यामुळे प्रतिकारशक्तीचा प्रश्न. तिची तपासणी होईपर्यंत या मुलांना इरॅडिएटेड रक्त देतात, म्हणजे किरणं देऊन दात्याच्या पेशी निष्क्रिय केलेलं. हे ब्लड बँकेला आधी सांगावं लागतं. रोटाव्हायरस, एमआर (गोवर-रुबेला) अशा जिवंत लसी डॉक्टरांना विचारून (आपल्याकडे बीसीजी तर जन्मल्या जन्मल्या देऊन टाकतात, त्यामुळे ती टोचली गेलीय हेही सांगा). मग किडनीची सोनोग्राफी, कानाची टेस्ट, टाळू, स्पीच थेरपी. माझी मुलगी नाकात बोलायची, शाळेत "मोठी झाली की जाईल" म्हणत होते, ते आपोआप जात नसतं.

डाऊनमध्ये फुप्फुसाचं प्रेशर लवकर वाढतं, म्हणून मोठा एव्ही कॅनाल असेल तर साधारण पहिल्या सहा महिन्यांतच ऑपरेशन करायचं बघतात, "वजन वाढू दे मग बघू" म्हणत वर्ष घालवलं तर वेळ निघून जाऊ शकते. थायरॉईड तपासा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना मानेच्या मणक्यांबद्दल आठवण करा. डाऊन आहे म्हणून ऑपरेशन कशाला असं कोणी सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा.

पायरी ८: आई-बाबांची टेस्ट आणि पुढचं बाळ

२२क्यू दहात नऊ मुलांमध्ये नव्याने झालेलं असतं, दहावं आई किंवा बाबांकडून आलेलं, आणि त्या आई-बाबांना स्वतःला माहीतही नसतं. आईत किंवा बाबांत निघालं तर प्रत्येक बाळाला निम्मी-निम्मी शक्यता. ट्रान्सलोकेशन डाऊन निघाला तर दोघांचा कॅरिओटाइप हवाच. साध्या ४७ +२१ मध्ये आई-बाबांची टेस्ट सहसा लागत नाही. माझे मिस्टर टेस्टला दोन महिने तयार नव्हते, "म्हणजे माझ्यामुळे झालं असं निघणार का?" शेवटी आम्ही दोघांनी एकाच दिवशी रक्त दिलं, एकाच लिफाफ्यातून गेलं. दोघांचंही नॉर्मल आलं.

पुढच्या वेळी ११ ते १४ आठवड्यांत सीव्हीएस (वारेचा छोटा तुकडा काढून) किंवा १६ आठवड्यांच्या सुमारास पोटातलं पाणी काढून टेस्ट करता येते, १८ ते २२ आठवड्यांत फीटल एको (पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी). एनआयपीटी (आईच्या रक्तावरून होणारी टेस्ट) ही फक्त चाळणी आहे, पॉझिटिव्ह आली तर पाण्याच्या टेस्टने पक्कं करावंच लागतं. मुलगा की मुलगी हे यातल्या कुठल्याही टेस्टमध्ये सांगत नाहीत, १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याने बंदी आहे, विचारूही नका. गर्भपाताचा प्रश्न आला तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर दोष असेल तेव्हा २४ आठवड्यांनंतरही मेडिकल बोर्डाकडे जाता येतं, पण कॅरिओटाइपचा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे जातात, तो हिशोब आधीच धरा.

अजून एक. ज्यांचं ऑपरेशन लहानपणी, वीस-पंचवीस वर्षांपूर्वी झालंय त्यांची ही टेस्ट बरेचदा झालेलीच नसते. माझ्या मामेबहिणीचं टेट्रालॉजीचं ऑपरेशन ती पाच वर्षांची असताना झालं, आता तिच्यासाठी स्थळं बघतायत आणि घरचे म्हणतात हे कशाला उकरून काढायचं. माझं मत, लग्नाआधी नाही तर निदान दिवस राहायच्या आधी तरी करून घ्यावी, कारण २२क्यू असेल तर गरोदरपणात तिचंही कॅल्शियम बघावं लागेल. तिला मी माझ्या मुलीचा दुसरा रिपोर्ट पाठवलाय, त्याच्या पहिल्या पानावर मी लाल पेनाने लिहून ठेवलंय, कुठलंही ऑपरेशन असलं की फाईल उघडताच दिसावं म्हणून: "२२क्यू आहे. कॅल्शियम मोजा. रक्त लागलं तर इरॅडिएटेड का ते आधी विचारा."